पाचव्या मजल्याचं बटण

ताई : ...आणि लिफ्ट समोर धडधडीत उभी असताना मला ही शिक्षा कशासाठी? गुन्हा माझ्या भावाचा आणि जिने मी चढायचे!

भावजय : सावकाश, ताई. कठडा धरा.

ताई : कठडा धरू की पिशवी धरू? हात दोनच दिलेत. गेल्या खेपेला कशी राणीसारखी गेले होते वर! बिघडली का आज?

भावजय : नाही. चालू आहे.

ताई : मग?

भावजय : मी जिन्यानंच जाते हल्ली.

ताई : तू जा गं. तुझे गुडघे तुझं ऐकतात. माझे कधीच फितूर झालेत.

भावजय : तुम्हाला एकटीला त्या लिफ्टमध्ये बसवून पाठवायची नाही मी. टेका इथं पायरीवर. पहिला मजला झाला.

ताई : पहिला? अगं बाई, मला वाटलं तिसरा आला! पाचव्यापर्यंत माझं काय उरणार? बसते बाई. तूही बस.

भावजय : मी उभी बरी आहे.

ताई : हेच. खालच्या दारापासून बघतेय, तुझं चित्त थाऱ्यावर नाही. वर बघतेस, खाली बघतेस. आणि किल्ल्या अशा काय धरल्यास मुठीत, टोकं बाहेर काढून?

भावजय : सवय लागलीय.

ताई : कवळ्या घडवणारीचे हात हे. नाजूक कामाचे. लोकांना दात बसवायचे सोडून किल्ल्या कसल्या परजतेस? हे बघ, तू केलेली ही कवळी. परवा बदाम फोडला हिनं. शेजारीण विचारते, कुठून आणलीत हो? म्हटलं, आमच्या घरची कारागीर आहे.

भावजय : टोचत नाही ना आता डाव्या बाजूला?

ताई : अजिबात नाही. विषय बदलू नकोस. मी सरळच बोलते, मला आडपडदा जमत नाही. सोमवारी कोर्टात तुला विचारतील. तू एवढंच म्हण, माझी हरकत नाही. बस.

भावजय : कशाला हरकत नाही?

ताई : त्याचा लिफ्टदुरुस्तीचा परवाना परत द्यायला. आणि रविवारी लेकीला, चिमणीला, त्यानं बाहेर घेऊन जायला. तू त्याच्याकडे परत ये असं मी म्हणत नाही हं. तेवढी अक्कल आहे मला.

भावजय : उठा. दुसऱ्या मजल्यावर दम घेऊ.

ताई : उठते, पण बोलणार. तोंडाला गुडघे नाहीत माझ्या. अगं, माझ्याकडे राहायला आल्यापासून दिवसभर घरात असतो तो. कंपनीनं काढलं. परवाना नसलेल्या लिफ्टवाल्याला दारात कोण उभं करतं? आयुष्यात एकच काम शिकला. सकाळी उठतो, हत्यारांची पेटी उघडतो, पान्हे पुसतो, पेटी मिटतो. आणि बाल्कनीत जाऊन बसतो. मला बघवत नाही. आई गेली तेव्हा एवढासा होता, कडेवर घेऊन वाढवलंय मी त्याला.

भावजय : माहीत आहे, ताई.

ताई : आणि चिमणीला भेटायची ती कोर्टातली खोली! भिंतीवर कागदाची फुलपाखरं आणि कोपऱ्यात एक बाई डोळे वटारून बसलेली. बापलेकीनं बोलायचं काय तिच्यासमोर? हवापाण्याचं?

भावजय : ती डोळे वटारत नाही. विणत असते. चिमणीनं तिच्याकडून टोपीसुद्धा मिळवलीय.

ताई : टोपीचं काय सांगतेस मला! त्यानं पाठलाग केला, खून नाही केला. नवरा बायकोच्या मागून नाही जाणार तर कुणाच्या?

भावजय : हळू. जिन्यात घुमतं सगळं.

ताई : घुमू दे.

भावजय : बरं, मग माझंही घुमू दे. मी लॅबमधून सुटले की हा समोर झाडाखाली उभा. बसमध्ये चढले की मागे याची स्कूटर. आईकडे गेले की त्या गल्लीच्या तोंडाशी. चिमणीच्या शाळेशी. दातांच्या डॉक्टरकडे कवळ्या पोचवायला गेले की तिथल्या बाकड्यावर, आजाऱ्यांच्या रांगेत. बोलायचा काही नाही. नुसता बघायचा. फोनचा नंबर बदलला की नव्या नंबरवर फोन. उचलला की गप्प. ताई, कामातलं माझं लक्ष असं उडालं, की एका आजोबांच्या कवळीत मी वरचे दात खाली बसवले.

ताई : अगं बाई! मग?

भावजय : मग काय, परत केली त्यांनी. घास चावायला गेले तर जबडाच मिटेना.

ताई : (तोंडाला पदर लावते.)

भावजय : हसा, हसा. मालकीणबाईही आधी हसल्या. मग मी रडायला लागल्यावर त्यांनी खिडकीतून खाली पाहिलं, आणि झाडाखाली हा. त्यांनीच नेलं मला पोलिसांत.

ताई : आधी 'हे' म्हणायचीस त्याला. आता 'हा' आणि 'तो'.

भावजय : हो.

ताई : त्याचा जीव आहे गं तुझ्यावर. वेडा आहे, पण जीव आहे.

भावजय : माझा दंड पिरगळला तो जीव लावूनच का?

ताई : तेव्हा तू मला म्हणालीस, कपाटाचं दार लागलं.

भावजय : आणि तुम्हाला पटलं?

ताई : ...हा दुसराच ना मजला? चल. पुढं चल.

भावजय : श्श! थांबा.

ताई : काय झालं?

भावजय : लिफ्ट.

ताई : लिफ्टच ना? वाघ आहे का?

भावजय : बोलू नका. कुठं थांबते ऐकू दे... चौथ्यावर थांबली. दार उघडलं. माणसं आहेत, बोलताहेत. हं. चला.

ताई : पोरी, झालंय काय तुला? मला सांगणार आहेस की नाही?

भावजय : सांगते. पण त्याआधी एक विचारते, रागावू नका. माझा इथला पत्ता तुम्ही त्याला दिलात?

ताई : मी? काय बोलतेस तू हे! तू केलेले दात तोंडात घालून मी तुझ्याशी खोटं बोलेन? गेल्या खेपेला इथून गेले, तर त्यानं तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, पत्ता विचारायचा नाही, मी सांगायची नाही. तो म्हणाला, मला नकोच आहे. रस्ता सांगितला नाही, बस कुठली ते सांगितलं नाही, इमारतीचा रंगसुद्धा सांगितला नाही. हवी तर कुणाचीही शपथ घेते.

भावजय : शपथ नको. तुम्ही म्हणालात, पुरे आहे.

ताई : पण का विचारलंस?

भावजय : गेले काही दिवस लिफ्ट आमच्या मजल्यावर येते. मी बोलावलेली नसते. दार उघडतं, आत कुणी नसतं. शेजारच्यांना विचारलं, ते म्हणतात आम्ही नाही बोलावली. कधी दुपारी, कधी मी चिमणीला शाळेसाठी तयार करत असते तेव्हा. वॉचमनला सांगितलं. दुरुस्तीवाला येऊन बघून गेला, म्हणाला, काही दोष नाही बाई, उत्तम चालतेय.

ताई : अगं, कुणीतरी पोरं बटणं दाबून पळत असतील. आमच्याकडे तर रोजचा धिंगाणा.

भावजय : वकीलबाईही तेच म्हणाल्या, की कोर्टात असंच म्हणतील. त्या वरच आहेत आत्ता. सोमवारचं बोलायला आल्यात.

ताई : वकील? आणि मला आधी सांगितलं नाहीस? मी काय बोलणार तिच्याशी? तो म्हणाला होता, तिला एकटीला गाठ आणि...

भावजय : कोण म्हणाला होता?

ताई : कोण म्हणजे... धाकटाच. म्हणाला, ताई, तू बोललीस तर ती ऐकेल. तिला सांग, मी बदललोय.

भावजय : ताई, म्हणजे तुम्ही त्याचा निरोप घेऊन आलात?

ताई : निरोप कसला त्यात? बहीण भावासाठी दोन शब्द बोलते, त्याला निरोप म्हणतात होय?

भावजय : कोर्ट निरोपच म्हणतं. त्यानं मला काही कळवायचं नाही, दुसऱ्या कुणाकरवीही नाही. हे वर बोलू नका. मी ऐकलं नाही असं धरते.

ताई : कमालच आहे. म्हणजे मी इथवर आले तोच गुन्हा?

भावजय : तुमचा नाही. त्याचा. चला, एकच मजला राहिला.

वकीलबाई : या, या. तुमचा आवाज तुमच्या आधीच पोचला जिन्यातून. बसा आजी.

ताई : आजी कुणाला म्हणता? मला जगभर ताई म्हणतात.

वकीलबाई : चुकलं. बसा ताई. पाणी घ्या.

भावजय : दार लावते.

ताई : थांब गं, उघडंच राहू दे जरा, वारा येतोय. जीव गुदमरलाय माझा. ही बया लिफ्ट बघा कशी समोर आहे, आणि आम्ही खेचरासारख्या जिन्यानं! वकीलबाई, तुम्ही कशा आलात?

वकीलबाई : लिफ्टनं. माझ्या पिशवीत एवढ्या फायली असतात, की जिन्यानं आले तर मला उचलूनच आणावं लागेल.

ताई : बघ! हिला काही होत नाही. बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा, एका पाठलागापायी माणसाचं एवढं सगळं काढून घ्यायचं?

वकीलबाई : काय काय काढून घेतलं, ते आधी बघू. तुरुंगात पाठवलं का? नाही. शिक्षा सुनावली आणि बाजूला ठेवली. अटी पाळ आणि घरी राहा. अट मोडलीस की बाजूला ठेवलेली शिक्षा भोगायची. अटी काय? हिच्या जवळपास फिरकायचं नाही. फोन नाही, चिठ्ठी नाही, कुणाच्या तोंडून निरोप नाही. मुलीला भेटायचं ते त्या खोलीत. आणि लिफ्टचा परवाना रद्द.

ताई : निरोप म्हणजे आता मी जे...

भावजय : ताई, पाणी प्या.

वकीलबाई : मी काही ऐकलं नाही. अजून तरी.

ताई : बरं, परवान्याचं काय नडलं होतं? तो काही लिफ्टमध्ये बसून हिच्या मागे गेला नव्हता.

वकीलबाई : लिफ्टवाल्याला कोण अडवतं, सांगा बघू. हातात पेटी दिसली की वॉचमन स्वतः उठून दार उघडतो. गच्चीवरच्या मशीन रूमची किल्ली देतो. तिथून माणूस कुठल्या घरात कधी दिवा लागतो ते बघत बसला, तरी कुणी विचारत नाही. पाठलाग शाबित झालेल्या माणसाला तशा किल्ल्या तुम्ही द्याल?

ताई : माझा भाऊ आहे तो.

वकीलबाई : म्हणून तर तुम्हाला विचारतेय.

ताई : आणि मारहाणीचा खटला? तो तर पडला ना? कोर्टच म्हणालं, पुरावा नाही.

भावजय : चार भिंतींत बघायला कोण होतं? चिमणी झोपलेली असायची. आणि मी सगळ्यांना कपाटाची दारंच सांगत फिरत होते. पण तो रस्त्यात जे करत होता ते लोकांनी पाहिलं. मालकीणबाईंनी, पेपरवाल्यानं, बसच्या कंडक्टरनं. तेवढंच शाबित झालं, ताई. आता माझं सगळं त्या एका निकालावर उभं आहे. हे घर, चिमणी, माझी झोप. सोमवारी तेही ढिलं झालं की माझ्या पायाखाली काही राहत नाही.

ताई : ढिलं कशानं होतंय? रविवारचे चार तास मागतोय बिचारा.

वकीलबाई : आणि गावभरच्या किल्ल्या. सोमवारी त्याचे वकील एकच गोष्ट सांगणार. शिक्षा झाल्यापासून हा माणूस सरळ वागलाय, बाई राहते कुठं हेसुद्धा त्याला ठाऊक नाही. हे ऐकून कोर्ट विरघळू शकतं. मी काय उत्तर देऊ? रिकामी लिफ्ट येते? रिकामी लिफ्ट कुठंही येते. तिला काय वाचा आहे?

ताई : नाहीच मुळी ठाऊक त्याला. ते मात्र खरं आहे. मी सांगितलेलं नाही, आणि मी सोडून...

भावजय : ताई.

ताई : काय?

भावजय : आली.

(लिफ्ट समोर येऊन थांबते. दार उघडतं. आत कुणी नाही. दार मिटायला लागतं, अर्ध्यावर अडतं, पुन्हा पूर्ण उघडतं. मग मिटतं.)

ताई : आला गं! ताट वा...

वकीलबाई : काय म्हणालात?

ताई : काही नाही.

वकीलबाई : कोण आला?

ताई : कोणी नाही हो. सहज तोंडातून गेलं. पोरांनी बटण दाबलं असेल. दार लावा ते. वारा फार येतोय.

भावजय : वाऱ्यासाठी तर उघडं ठेवलं होतंत.

ताई : लाव म्हटलं ना! कडी घाल. वरचीही घाल.

वकीलबाई : थांबा, आधी मला खाली फोन करू दे. ...वॉचमन का? पाचव्या मजल्यावरून बोलतेय. वरच्या मशीन रूमची किल्ली कुठं आहे? ...खिळ्यावर? नक्की? मग वर जाऊन दार बघा. एकटे जाऊ नका, कुणाला तरी बरोबर घ्या. आणि लगेच कळवा मला.

भावजय : चिमणी शाळेत आहे. शाळेत फोन करते मी. ...हॅलो, मी चिमणीची आई. आज मीच येणार आहे न्यायला. मीच. बाबा आले, काका आले, कुणीही आलं तरी... हो. हो, बाई. वर्गातच बसवून ठेवा. उपकार होतील.

ताई : बस गं खाली. पडशील.

भावजय : तुम्ही 'आला गं' म्हणालात. चिमणीही हेच म्हणाली होती.

ताई : कधी?

भावजय : आठवड्यापूर्वी. मी दाराला कुलूप लावत होते आणि लिफ्ट आली, ही अशी. चिमणी ओरडली, बाबा आले! आणि धावत आत शिरली. मी वळेपर्यंत दार मिटलं. लिफ्ट गेली वर. मी जिन्यानं धावले, कुठला मजला, कुठली गच्ची, मला काही दिसत नव्हतं. वरून परत खाली. शेवटी तळमजल्यावर सापडली, हसत उभी. म्हणते, बाबा भेटले नाहीत गं, पण त्यांनी मला फिरवून आणलं. तेव्हापासून मी त्या लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. तिलाही ठेवू देत नाही.

ताई : देवा रे.

वकीलबाई : हे मला तुम्ही सांगितलंत, पण 'बाबा आले' का म्हणाली, ते सांगितलं नव्हतंत.

भावजय : काय सांगणार? घरातला खेळ होता तो. लग्नाच्या आधी तो मला भेटायला यायचा, तेव्हा आधी रिकामी लिफ्ट पाठवायचा वर. मला किती कौतुक वाटायचं! मी धावत जाऊन दारात उभी राहायची. पुढं चिमणीसाठीही पाठवायचा. आता हे कोर्टात सांगितलं, तर सगळे हसतील.

वकीलबाई : ताई, तुमच्याकडेही पाठवायचा?

ताई : दार दोनदा उघडायचं.

वकीलबाई : म्हणजे?

ताई : मिटता मिटता थांबायचं आणि परत उघडायचं. ती त्याची खूण. पोरं नुसतं बटण दाबतात, त्यानं असं होत नाही. ते वरून करावं लागतं, मशीनपाशी. आमच्या इमारतीचं काम त्याच्याकडे होतं. दुपारचा जेवायला आला की आधी वर जायचा आणि मला लिफ्ट पाठवायचा. दोनदा दार उघडलं की मी समजायची, आला. ताट वाढायला घ्यायची. माझी नातवंडं टाळ्या पिटायची.

भावजय : माझ्याकडे एकदाच उघडायचं. दोनदाचं मला माहीत नव्हतं.

ताई : ती खूण माझी होती. आत्ताची मला होती. सकाळी विचारत होता, कधी निघतेस, कधी पोचशील. मला वाटलं, काळजीनं विचारतोय.

वकीलबाई : पण पत्ता? तुम्ही दिला नाहीत म्हणता.

ताई : नाही दिला हो! तुमच्या पाया पडून सांगते. मी त्याला फक्त लिफ्टचं सांगितलं.

भावजय : लिफ्टचं काय सांगितलंत?

ताई : अगं, आपल्या घरात नाही का, कुणी कुठं जाऊन आलं की त्याला सांगायचं, लिफ्ट कशी होती! तो शिकाऊ होता तेव्हापासूनची रीत. बाकी कुणी कुणाच्या घरचं जेवण सांगतं, साड्या सांगतं. आपण लिफ्ट सांगतो. दवाखान्यात गेले तरी मी त्याच्यासाठी लिफ्ट बघून येते. तूही सांगायचीस की!

भावजय : हो. सांगायचे.

ताई : तो इतका गप्प गप्प बसलेला. मला वाटलं, जरा रमेल. म्हटलं, अरे, तिथली लिफ्ट जुनी पण चांगली आहे. लाकडी पाठ आहे. आरशाचा कोपरा उडालाय. आणि गंमत म्हणजे सगळी बटणं पांढरी आणि एकच लाल. मी म्हटलं, मला तेच लाल दाबायचं होतं, म्हणून बरं, चष्म्याशिवाय सापडलं.

वकीलबाई : पाचव्याचं.

ताई : मी पाचवा म्हटलं नाही! लाल म्हटलं.

भावजय : ताई, तो काय म्हणाला त्यावर?

ताई : हसला. किती दिवसांनी हसला. म्हणाला, पांढरं संपलं होतं तेव्हा दुकानात.

भावजय : म्हणजे त्यानंच बसवलं होतं ते.

ताई : मला तेव्हा काही कळलंच नाही गं. हसला त्याचाच आनंद. त्या दिवशी त्यानं परत परत मागून घेतलं, पोटभर जेवला. मी आमच्या ह्यांना म्हटलंसुद्धा, निवळला हो आपला धाकटा.

वकीलबाई : फोन. ...बोला. ...कुलूप उघडं आहे? किल्ली खिळ्यावर आणि कुलूप उघडं. आत कुणी? ...बरं. हात लावू नका कशाला. मी पोलिसांना बोलावते.

भावजय : गेला?

वकीलबाई : गच्चीवरून दुसरा जिना उतरतो मागच्या बाजूला. कुणी पाहिलं नाही. उघडं कुलूप काही बोलत नाही, दुरुस्तीवाला विसरला म्हणतील.

ताई : मग सोमवारी?

वकीलबाई : सोमवारी तो म्हणणार, मला पत्ता ठाऊक नाही. ठाऊक आहे हे सांगू शकेल असं माणूस मला एकच दिसतंय.

ताई : आणि त्या माणसानं सांगितलं, तर त्याचं काय होईल?

वकीलबाई : परवाना मिळणार नाही. रविवार मिळणार नाही. आणि बाजूला ठेवलेली शिक्षा त्याला भोगावी लागेल. आत जाईल तो, ताई. खोटं सांगून तुमच्याकडून काही काढून घ्यायचं नाही मला.

ताई : आणि त्या माणसाचे गुडघे धरले, तब्येत बरी नाही म्हणून घरीच बसली तर?

वकीलबाई : बोलावणं पाठवता येतं. पण फरफटत आणलेली साक्ष मला नको. ती कोर्टात पोचेपर्यंत लंगडी होते.

ताई : तू काय म्हणतेस, पोरी?

भावजय : मी काही म्हणणार नाही.

ताई : म्हण काहीतरी. मघाशी जिन्यात एवढी बोललीस.

भावजय : तुमचा भाऊ आहे. तुम्ही वाढवलाय त्याला. मी तुम्हाला सांगा म्हटलं, तर आयुष्यभर ते माझ्या डोक्यावर राहील. नका सांगू म्हटलं, तर चिमणीच्या. मला भीती वाटते, ताई. एवढंच म्हणेन. मला सारखी भीती वाटते.

ताई : आज घरी गेल्यावर तो विचारेल, काय म्हणाली ती?

वकीलबाई : तुम्ही आज त्या घरी जायलाच हवं असं नाही. तुमची मुलगी आहे ना इथं जवळ?

ताई : आहे. पण दुपारचं ताट कोण वाढेल त्याला? ...काय बोलतेय मी. तुम्ही लक्ष देऊ नका. चाळीशीचा बाप्या झाला, हातानं वाढून घेईल. चिमणी कुठं सापडली म्हणालीस, तळमजल्यावर?

भावजय : हो.

ताई : हसत होती?

भावजय : हसत होती.

ताई : तो माझ्याकडे बघून हसला ना, तसंच हसत असेल. तिला काय कळतंय? मला या वयात कळलं नाही. ...पाणी दे अजून. आणि मला आरसा दे, कवळी हललीय वाटतं. बोलताना नीट बसायला हवी.

भावजय : दाखवा. आ करा. हललेली नाही, ताई. तुमचाच जबडा कापतोय.

ताई : मग कापू दे. वकीलबाई, मला कोर्टातलं बोलता येत नाही हं. मी आपली सांगेन तसंच, लाल बटणाचं आणि दोनदा दार उघडल्याचं. हसले लोक तर?

वकीलबाई : हसू देत. शेवटपर्यंत ऐकल्यावर कुणी हसणार नाही. सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावर. गुडघ्यांची काळजी करू नका, तिथं मोठी लिफ्ट आहे.

ताई : नको. पोरी, तू मला न्यायला जरा लवकर ये. मी जिन्यानं चढेन.